खुलासा: ‘देशाचा चौथा हिस्सा जंगल’ हा मेसेज

मंडळी, परवा रामबागेतल्या आपल्या ग्रुपवर मीच टाकलं होतं: ‘भारताचा २५ टक्के भाग आता जंगल आहे, म्हणजे तोड थांबली.’ आता ते इंदूरभर फिरतंय. चूक माझी.

२५.१७ टक्के हा आकडा खरा, पण तो वनआच्छादन आणि बाहेरची झाडं मिळून. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल काल रात्री नीट उघडला. त्यात नुसतं वनआच्छादन २१.७६ टक्के आहे. त्याची व्याख्या वाचून तर मी चाटच पडलो. किमान एक हेक्टर जमीन, झाडांचं छत्र निदान १० टक्के, बस्स. मालकी कोणाचीही असो. म्हणजे महू रोडवरची आमच्या काकांची दहा बिघ्यांची आंब्याची बाग, जिथे आपण दाल-बाफले करतो, तीही यात धरली जाते! एकीकडे जुनं सागवान पडलं आणि दुसरीकडे बागा वाढल्या, तरी बेरीज जागच्या जागी. ‘तोड थांबली’ हे त्यातून निघतच नाही.

वनआच्छादनाच्या क्षेत्रफळात मध्य प्रदेश देशात पहिला, हे मात्र बरोबर. तेवढं राहू द्या. जुना मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना गेलाय त्यांना हा पाठवा.