गोदावरी नॉट फाउंड

पर्यावरण कायद्याचा अभ्यास झाडाखाली बसून होत नाही. तो आमच्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत, एसीच्या बरोबर खाली, स्वेटर घालून होतो; कारण कोर्टाच्या निकालांचा डेटाबेस फक्त त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर उघडतो. बँकेतून रिटायर झाल्यावर मी एलएलबीला नाव घातलं आणि प्रोजेक्टला विषय घेतला ‘गोदावरीचं प्रदूषण आणि कायदा’. सगळा जन्म पंचवटीत गेलेला. गोदावरी सापडायला कितीसा वेळ लागणार!

नदीचं नाव टाकलं. पहिल्यांदा आला गोदावरी पाणी तंटा लवाद. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला, पार आंध्रच्या किनाऱ्यावरचा गॅस. मग साखर कारखाना. आणि त्यामागून गोदावरीबाई. एक नव्हे, कितीतरी. कुणाची पोटगी, कुणाचं दत्तक, कुणाची दिरांशी भाऊबंदकी. रामकुंडाखालून वाहणारी तेवढी गैरहजर.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला माझी दया आली. “काका, स्पेलिंग अर्धंच टाका आणि पुढे स्टार द्या. सगळी रूपं येतात.”

दिला स्टार. आले गोदावर्मन.

टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद. केरळातल्या निलांबूरच्या राजघराण्यातले. निलगिरीतली जंगलतोड थांबवा म्हणून 1995 साली सुप्रीम कोर्टात गेले. 12 डिसेंबर 1996 ला कोर्टाने सांगितलं, जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते. सरकारी दप्तरात नाव काहीही असो. मग देशभरातली करवतगिरणी, खाण, रस्ता, जे जे झाडाच्या वाटेला गेलं ते याच खटल्यात अर्ज होऊन शिरलं. अर्जदार 2016 साली वारले, खटला आपला चालूच. आमच्या बँकेतसुद्धा इतकं जुनं खातं कुणी चालू ठेवत नाही. मी दुपारभर गोदावर्मन वाचत बसलो. माणूस थोर, पण त्यांचा आमच्या नदीशी काडीचा संबंध नाही.

मग कळलं की शोधायचे शब्द जोडणारे ‘अँड’ आणि ‘ऑर’ हे खरे मालक. अँड घातलं की यादी आटते, उन्हाळ्यातल्या पात्रासारखी. ऑर घातलं की निकाल थेट, आम्ही ज्याच्यावरून पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून. मधली पातळी नाहीच. त्यात आपल्या नाशिकच्या स्पेलिंगमध्ये जुन्या निकालांत एच नाही, नव्यांत आहे. म्हणजे एकाच गावाला ऑर लावून स्वतःशीच जोडायचं. एवढं जुळवून चहाला उठावं, तर परत येईपर्यंत सेशन संपलेलं आणि पासवर्ड ग्रंथपाल मॅडमकडे. मॅडम जेवायला.

बाकी जिथे बघावं तिथे एम. सी. मेहता. दिल्लीतली गॅसगळती, कानपूरच्या टॅनरी, ताजमहाल, सगळीकडे हेच वकील आणि समोर भारत सरकार. नावं तीच, खटले वेगळे, त्यामुळे ताज शोधताना टॅनरी हाती येते. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, हा 1991 चा आदेशही यांच्याच याचिकेवरचा. तेव्हा कव्हर घालून जर्नल सजवणाऱ्या समस्त पोरांनी शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या, हे मला आता कळलं.

पण त्यांच्याच एका खटल्याने मला तारलं. बियास नदीकाठच्या एका मोटेलने नदीचा प्रवाहच वळवायला घेतला होता. गोदावर्मनच्या आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी कोर्ट म्हणालं, नदी ही जनतेची ठेव आहे, सरकार फक्त विश्वस्त. ‘ठेव’ दिसल्यावर बँकवाल्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यावर मी रामकुंडापासून नासर्डीच्या संगमापर्यंत सगळं लिहून काढलं, शिवाय तक्रार न्यायची तर हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात, म्हणजे वाटेतला सिन्नर-संगमनेरचा प्रवासही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. प्रोजेक्ट त्यांनी तळहातावर तोलून पाहिलं, उघडलं नाही.

“जल प्रदूषणाचा कायदा कधीचा?”

“1974,” मी म्हणालो. हे चौकातल्या गाइडच्या मागच्या कव्हरवरच छापलेलं असतं.

“छान. पुढचा रोल नंबर पाठवा.”