नावं ठेवण्याचा पगार

सर्जन विचारतात, "४० जीबी आहेत, कधी देता?" ४० जीबी, म्हणजे गिगाबाइट, हे एका दुपारचं काम, म्हणून आपण "उद्या" म्हणून मोकळे होतो. मग उलगडा होतो की सर्जनांचा जीबी म्हणजे जिंजिव्होबकल. हिरडीचा आणि गालाच्या आतल्या बाजूचा, तंबाखूच्या तोबऱ्यावर पोसलेला कॅन्सर. ४० पेशंट. प्रत्येकाचा ट्यूमर आणि रक्त, असे ८० एक्झोम, म्हणजे डीएनएतला प्रथिनं घडवणारा भाग वाचून काढलेला. एका एक्झोमची फास्टक्यू, म्हणजे मशीनमधून निघालेली कच्ची फाइल, सात-आठ जीबी, आमचे जीबी. तिची बॅम, म्हणजे तोच मजकूर जीनोमच्या नकाशावर बसवलेली फाइल, जवळपास तेवढीच, शिवाय सॉर्ट करताना आणि डुप्लिकेट मार्क करताना मध्येच सांडणाऱ्या फायली वेगळ्या. दीड-दोन टेराबाइट मोकळे हवेत. "उद्या" गिळावा लागतो.

कॅन्सर जीनोमिक्समधल्या बायोइन्फर्मॅटिशियनचं, म्हणजे डीएनएचा डेटा संगणकावर तपासणाऱ्याचं, काम तसं तिसरीतल्या वजाबाकीचं. ट्यूमरच्या डीएनएतून रक्ताचा डीएनए वजा करायचा, उरेल ते कॅन्सरनं केलेलं. छळ वजाबाकीचा नाही, कोणाला काय म्हणायचं याचा आहे. बाकी जग नावं फुकट ठेवतं, आम्हाला त्याचा पगार मिळतो.

सुरुवात सॅम्पलशीटपासून, म्हणजे सॅम्पलांच्या यादीपासून. ती एक्सेलमध्ये येते आणि एक्सेलला शून्याचं वावडं. ००७ नंबरचा पेशंट पत्रकात ७ होतो, फाइलच्या नावात ००७ राहतो, आणि पाइपलाइनच्या, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या आमच्या प्रोग्रामांच्या, लेखी दोघांची ओळखही नसते. नावात 'ट्यूमर नवीन' अशी मोकळी जागा सोडली असेल तर लिनक्सची कमांड 'ट्यूमर' एकीकडे आणि 'नवीन' दुसरीकडे शोधत बसते. हे सगळं निस्तरता येतं. खरी परीक्षा एका अक्षराची असते. पॅराफिन ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या पेशंटच्या तुकड्यावर, नुसता 'एन' लिहिलेला असतो. आपण समजतो नॉर्मल. लिहिणाऱ्याच्या मनात असतं नोड, म्हणजे मानेतली गाठ, जिच्यात कॅन्सर पसरलेला असू शकतो. ट्यूमरमधून ट्यूमरच वजा केला की हाती शून्याच्या आसपास काहीतरी लागतं आणि अहवालात पेशंट ठणठणीत दिसतो.

म्हणून वजाबाकीच्या आधी ओळखपरेड. लोकांमध्ये सर्रास वेगवेगळी आढळणारी काही डझन स्थानं दोन्ही सॅम्पलमध्ये ताडून पाहायची. एकाच माणसाची असली तर जुळतात. जुळली नाहीत आणि तरीही पुढे रेटलं, तर शे-दोनशे म्युटेशनच्या, म्हणजे डीएनएतल्या बदलांच्या, जागी हजारोंनी येतात. तेव्हा पेपर लिहायला बसू नये, फ्रीजर उघडावा. वाय क्रोमोसोमही बघतात, पण रक्तात. पुरुषाच्या ट्यूमरमधून वाय गळून गेलेला असू शकतो. तेवढ्यावरून सॅम्पल बदललं असं म्हणत वेट लॅबवाल्यांशी, म्हणजे सॅम्पल हाताळणाऱ्यांशी, भांडण काढलं, तर पुढचे सहा महिने चहाला कोणी बोलावत नाही.

संगणकावर टाकलेला जॉब मेला आणि लॉगच्या, म्हणजे त्याच्या नोंदवहीच्या, शेवटी १३७ दिसलं तर मनाला लावून घेऊ नये. बहुतेक वेळा मेमरी कमी पडलेली असते, वाढवून पुन्हा टाकावा. मेलेला जॉब प्रामाणिक असतो. दगा देतो तो सुखरूप संपलेला. एका फाइलमध्ये पहिल्या क्रोमोसोमचं नाव 'सीएचआर१', दुसरीत नुसतं '१'. माणसाला कळतं की एकच. संगणक मात्र लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं नाव बघून अडलेल्या बँकेच्या क्लार्कसारखा वागतो, फक्त तो अडवत नाही, शून्य ओळींची सुबक फाइल हातात ठेवतो. कुठलं टूल लॉगमध्ये काहीतरी पुटपुटतं, कुठलं तेही करत नाही. म्हणून निकाल उघडण्याआधी ओळी मोजायच्या. शून्य आलं तर आनंद मानायचा नाही.

नाव जुळलं की पत्ता. मानवी जीनोमच्या नकाशाची ३७वी आवृत्ती २००९ची, ३८वी २०१३ची. ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: जमीन तीच, पण जुना सर्व्हे नंबर वेगळा आणि नवा गट नंबर वेगळा. बीआरएएफ जनुकातलं व्ही६००ई हे नामांकित म्युटेशन सातव्या क्रोमोसोमवर, ३७मध्ये १४०४५३१३६ला आणि ३८मध्ये १४०७५३३३६ला. बरोब्बर ३,००,२०० घरं सरकलं. हॉटस्पॉटची, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या जागांची, यादी जुन्या नकाशाची आणि व्हीसीएफ, म्हणजे सापडलेल्या म्युटेशनची फाइल, नव्या नकाशाची असली की हे म्युटेशन तुमच्या डोळ्यांदेखत निसटतं. त्यात बेड फाइल, म्हणजे जीनोमवरच्या जागांची यादी, शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ एकापासून, तळमजल्याला पहिला मजला म्हणावं की नाही हा सोसायटीतला जुनाच वाद. वर हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर, आणि धाग्यांमध्ये एच्या समोर टी असतो. रिपोर्ट म्हणतो टीचा ए झाला, आमची फाइल म्हणते एचा टी झाला. "तुमचं उलटं आलंय" असा फोन येतो. दोन्ही बरोबर असतं, आणि ते फोनवर पटवता येत नाही.

जनुकांची नावं हे स्वतंत्र प्रकरण. सेप्ट२ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाकलं की २ सप्टेंबर होतं, मार्च१चा १ मार्च. यादीतली जनुकं कालनिर्णयात जाऊन बसतात. २००४ साली याची तक्रार छापून आली. २०१६ साली कोणीतरी मोजदाद केली, तर एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत हा घोळ निघाला. एवढा हुशार समाज, पण एक्सेल सोडवेना. शेवटी २०२०पर्यंत मानवी जनुकांचं नामकरण करणाऱ्या समितीनं जनुकांचंच पुन्हा बारसं केलं: सेप्ट२चं सेप्टिन२, मार्च१चं मार्चएफ१. एक्सेलला हे रूपांतर बंद करायचं बटण आलं २०२३मध्ये. जुन्या याद्यांमधल्या तारखा अजून तशाच आहेत. नव्या यादीत तसं होऊ नये म्हणून कॉलम 'टेक्स्ट' करूनच फाइल आत घ्यायची.

नवा विद्यार्थी म्युटेशन झालेल्या जनुकांची पहिली यादी काढतो आणि वरच्या नंबरात टीटीएन, म्हणजे टायटिनचं जनुक, बघून हरखतो. नाव मोठं, लक्षण खोटं. टायटिन हे ३४ हजारांहून अधिक अमिनो आम्लांचं अगडबंब प्रथिन आहे. कंपाउंडची भिंत लांब असली की तिच्यावर पोस्टरं जास्त लागतात, घरमालकाशी कोणाचं वैर नसतं. जनुकाच्या लांबीनं भागल्याशिवाय जल्लोष करू नये.

आणि रक्ताचं सॅम्पल आलंच नसेल तर? मग जगभरच्या डेटाबेसमध्ये जे सापडत नाही ते कॅन्सरचं, असं धरून चालावं लागतं. त्या डेटाबेसमध्ये आपली माणसं त्या मानानं थोडी. पणजोबांपासून चालत आलेला फरक मग चोरीचा माल म्हणून जप्त होतो.

हार्डडिस्क आली की आधी एमडी५सम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, जुळवायचा, कॉपी अर्धवट झालेली असते. मग वरची चिठ्ठी वाचायची. बॉलपेननं लिहिलेलं असतं: 'जीबी, एन, नवीन'.