खरा बदल स्प्रिंगचा

घडीच्या चाकूंवरचा तुमचा लेख आवडला, पण अनेक हत्यारांच्या स्विस चाकूबद्दल लिहिताना सगळा भर हत्यारांच्या संख्येवर गेला. माझ्या मते खरी कमाल स्प्रिंगची, म्हणजे मुठीच्या पाठीतल्या, हत्यारं जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पट्टीची. 1891 मध्ये स्विस सैन्याला मिळालेल्या चाकूत पातं, टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर होता, मूठ काळ्या ओक लाकडाची. 1897 च्या ऑफिसर चाकूत चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सेनरने त्याच स्प्रिंगवर पाठीकडूनही हत्यारं बसवली. त्यामुळे बूच काढायचा स्क्रू आला, तरी चाकू खिशात मावत राहिला. पुढे स्टेनलेस स्टील आलं नि गंजाची कटकट कमी झाली. काही मॉडेलांत बुचाच्या स्क्रूच्या जागी फुलीचा स्क्रूड्रायव्हर आला, हा बदल मला सगळ्यात शहाणा वाटतो.

आमच्या सोलापुरात वडील यंत्रमागावर होते. त्यांचा घडीचा चाकू गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला, एकाच पात्याचा. सूत कापायला तेवढा पुरे, पण पात्याला लॉक नव्हतं, जोर लावला की बोटावर मिटायचं. फ्रान्सच्या ओपिनेल या चाकू कंपनीने 1955 मध्ये पातं अडवणारी फिरती कडी बसवून हाच धोका टाळला. लॉकवर स्वतंत्र लेख लिहाच, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.