'रफ ड्राफ्ट'ची खरखर आणि भैरवीनंतरचे चार तुकडे

'रफ ड्राफ्ट'वरील माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकन हिप-हॉप निर्माता आणि रॅपर जे डिला याच्या 'रफ ड्राफ्ट' या रेकॉर्डमधील खरखर ही घाईत झालेल्या ध्वनिमुद्रणाची उणीव असून मी तिला उगाच कलेचा मान दिला, हा आपला पहिला आक्षेप. २००७ मधील पुनर्प्रकाशन म्हणजे दिवंगत कलावंताच्या नावावर चालवलेला धंदा, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यात मात्र तथ्य आहे, आपण मांडले आहे त्याहून थोडे वेगळे.

घाई होती, हे खरेच. एमसीए या बड्या कंपनीकडे डिलाचा रॅपचा अल्बम अडकून पडला होता (तो त्याच्या पश्चात, २०१६ मध्ये 'द डायरी' या नावाने निघाला), आणि त्या वैतागातच २००३ मध्ये त्याने ही छोटी रेकॉर्ड स्वतःच्या 'ममी रेकॉर्ड्स'च्या नावाने, जर्मनीतील वितरकामार्फत, फक्त व्हायनलवर (म्हणजे तबकडीवर) काढली. पण घाई आणि हयगय एक नव्हे. सुरुवातीच्या निवेदनातच तो शिवराळ भाषेत बजावतो की हे थेट कॅसेटवरून वाजल्यासारखे ऐकू यायला हवे. ज्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी 'वेलकम टू डेट्रॉइट'सारखी नेटकी रेकॉर्ड केली होती, त्याला स्वच्छ आवाज साधत नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. याच रेकॉर्डमधले 'नथिंग लाइक धिस' हे गाणे हेडफोन लावून ऐकावे, ही विनंती. तिथे तो रॅप करण्याऐवजी जवळजवळ गातो, आणि त्याचा आवाज फाटक्या गिटारच्या धुरळ्यातून, शेजारच्या खोलीतून यावा तसा येतो. हे गाणे धुऊनपुसून घेतले तर त्यात काय उरेल, असा प्रश्न मला पडतो.

आता पुनर्प्रकाशन. डिला फेब्रुवारी २००६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी गेला आणि पुढच्याच वर्षी 'स्टोन्स थ्रो' या रेकॉर्ड कंपनीने ही रेकॉर्ड सीडीवरही आणली. कंपनीने त्यातून पैसे मिळवले असतील, त्याला माझी हरकत नाही. त्याशिवाय ही गाणी व्हायनल जमवणाऱ्या मोजक्या लोकांच्या कपाटातच राहिली असती. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. मूळ रेकॉर्ड 'शाउट्स'मध्ये मित्रांची नावे घेत, निरोप घेत संपते. नव्या आवृत्तीत त्यानंतर प्रास्ताविकाचे दुसरे रूप येते, मग 'वाइल्ड' आणि 'टेक नोटिस', आणि शेवटी पुन्हा 'शाउट्स'च, वेगळ्या रूपात. भैरवी झाल्यावर गायकाने परत तंबोरे जुळवायला घ्यावेत, तसे हे होते. 'वाइल्ड' मला मनापासून आवडते, पण त्याची जागा वेगळ्या तबकडीवर होती.

मूळ लेखात मी २००७ च्या आवृत्तीला 'परिपूर्ण' म्हटले होते. तो शब्द काढून 'विस्तारित' असा केला आहे. खरखरीविषयीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला आहे.