परराष्ट्र धोरणावरचे संशोधन गावापर्यंत पोहोचले पाहिजे

आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणाऱ्या संशोधन संस्था आपले अहवाल, निबंध आणि पुस्तके कोणालाही विनामूल्य वाचता येतील अशा रीतीने संकेतस्थळावर ठेवू लागल्या, या घटनेची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना या बदलाचा फायदा मी रोज अनुभवतो. जे खुले झाले त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. जे अजून कुलूपबंद आहे त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, असे मला वाटते.

स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचे उदाहरण आधी घेतो. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने शस्त्रास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांची १९५० पासूनची माहिती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. पुरवठादार देश निवडायचा, घेणारा देश निवडायचा, वर्षे टाकायची, की कोणती सामग्री किती मागवली आणि ती कोणत्या वर्षी हाती आली याचा तक्ता समोर येतो. माझ्या वर्गात सैनिक टाकळीसारख्या, घरोघरी फौजेची परंपरा असलेल्या गावांतली मुले बसतात. भारत शस्त्रांसाठी रशियावर किती अवलंबून आहे, हा त्यांच्यासाठी घरातला विषय असतो आणि त्यावर वाद पूर्वीही होत, पण ते ऐकीव गोष्टींवर. आता मुले आकडे घेऊन येतात. सिप्रीच्या नोंदींनुसार भारताच्या शस्त्र आयातीतला रशियाचा वाटा २०१०-१४ या काळात ७२ टक्के होता, २०१५-१९ मध्ये तो ५५ टक्क्यांवर आला आणि २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की वर्गातली चर्चा आपोआप पुढच्या प्रश्नाकडे वळते : मग उरलेली जागा कोणी घेतली? फ्रान्स, इस्रायल आणि अमेरिका ही नावे मुले स्वतः त्याच तक्त्यातून शोधून काढतात.

परराष्ट्र व्यवहार हा दिल्लीचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना मी साखरेच्या खटल्याची आठवण करून देतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी भारताच्या ऊस आणि साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या तंटा मंडळाचा अहवाल भारताच्या विरोधात गेला. ज्या एफआरपीसाठी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायच्या, सरकारने ठरवलेल्या किमान दरासाठी, आपल्याकडे दर हंगामाच्या तोंडावर रस्ते अडवले जातात, तीच एफआरपी त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. हा पैसा सरकार देत नाही, कारखाने देतात, त्यामुळे ते सरकारी साहाय्य धरू नये, असा भारताचा युक्तिवाद होता. सरकारने स्वतः खरेदी केली नसली तरी कायद्याने ठरवून दिलेला दर हे उत्पादकाला दिलेले साहाय्यच आहे, असे मंडळाने म्हटले आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत ते उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेल्याचा निष्कर्ष काढला. भारताने अपील केले. पण ज्या अपील मंडळाने ते ऐकायचे, ते अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणाऱ्या शेतकऱ्याला यातले किती ठाऊक आहे? मूळ अहवाल संघटनेच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतो, परंतु त्याचा अर्थ उलगडून सांगणारे अभ्यासकांचे लेख बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत.

माझी मुख्य तक्रार इथे आहे. दिल्लीची 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' ही संस्था १९४३ साली स्थापन झाली, १९४७ ची आशियाई संबंध परिषद तिने भरवली आणि २००१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. १९६५ साली स्थापन झालेल्या आणि आता मनोहर पर्रीकरांचे नाव धारण करणाऱ्या संरक्षण अध्ययन संस्थेला संरक्षण मंत्रालय निधी देते. दोन्ही संस्थांनी आपले टिपणवजा लेखन आणि अनेक प्रकाशने खुली केली आहेत, आणि संरक्षण अध्ययन संस्थेची कित्येक पुस्तके तर पूर्ण स्वरूपात उतरवून घेता येतात, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र 'इंडिया क्वार्टर्ली' आणि 'स्ट्रॅटेजिक अ‍ॅनालिसिस' ही त्यांची प्रमुख नियतकालिके परदेशी प्रकाशकांमार्फत निघतात आणि त्यांतले बहुतेक लेख वर्गणीच्या दाराआड राहतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे सर्वांत कसदार लेखन त्याच जनतेने पुन्हा पैसे मोजून वाचावे, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये संशोधन नियतकालिकांची वर्गणी एकत्रितपणे भरण्याच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली आणि तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. सरकारी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना त्यामुळे मोठी मदत झाली आहे, हे नि:संशय. पण ही सोय संस्थेच्या सदस्यत्वाशी बांधलेली आहे. निवृत्त प्राध्यापक, तालुक्याचा पत्रकार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी गडहिंग्लजची मुलगी, निर्यातीचा व्यवसाय करणारा शिरोलीचा फाउंड्रीवाला, हे सगळे त्या दाराबाहेरच राहतात, आणि खरे तर जगातल्या घडामोडींचा अर्थ वेळेवर कळण्याची गरज त्यांनाच अधिक असते.

खुले करणे म्हणजे केवळ फाइल चढवणे, असाही समज दिसतो. जुने अंक पानांची छायाचित्रे काढून तसेच टाकले जातात. त्यात 'काश्मीर' किंवा 'कोलंबो योजना' असा शब्द शोधायला गेले तर काहीच सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या पानावर अक्षरेच नसतात. अक्षरओळख करून घेतलेली फाइल, लेखनिहाय सूची आणि संकेतस्थळ बदलले तरी न तुटणारा दुवा, एवढे केले तर पन्नास वर्षांपूर्वीचा लेखही आजच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल. माझ्या मते नव्या लेखांपेक्षा हे जुने अंकच आधी खुले व्हावेत, कारण ताज्या घडामोडींवर वाचायला पुष्कळ मिळते. १९५५ साली बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेकडे आपले अभ्यासक कसे पाहत होते, हे मात्र त्या अंकांबाहेर सहजासहजी मिळत नाही.

कोल्हापूरकरांना तर जुन्या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासितांची गांधीनगर वसाहत उभी राहिली. वॉर्साच्या आंतरराष्ट्रीय व्यवहार संस्थेने पोलंडच्या परराष्ट्र खात्याच्या कागदपत्रांचे संपादित खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत. मजकूर बहुतांशी पोलिश भाषेतला असला तरी यंत्रानुवादाच्या साहाय्याने त्या देशाच्या वाताहतीचा राजनैतिक पट समजून घेता येतो, आणि वळिवड्यापर्यंत ती माणसे का आली याची पार्श्वभूमी आपल्या विद्यार्थ्यांना मूळ साधनांतून वाचता येते.

राहिला भाषेचा प्रश्न. संपूर्ण अनुवादाची अपेक्षा मी करत नाही, पण प्रत्येक महत्त्वाच्या अहवालाचा दीड-दोन पानांचा मराठी गोषवारा ही काही अशक्य गोष्ट नाही. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल, प्राध्यापकांनी ते तपासावे, आणि १८५० पासून उभ्या असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांतून ते वाचकांपर्यंत जावे. सुरुवात साखरेच्या निकालापासून करावी, असा माझा आग्रह आहे. जे सहकारी विद्यार्थ्यांकडून असे गोषवारे लिहून घ्यायला तयार असतील त्यांनी कळवावे. अहवालातली कलमे वाटून घेऊन दिवाळीच्या सुट्टीआधी पहिला मसुदा तयार करता येईल.