जर्मनीतले पितळी दगड: त्या मेसेजमधलं किती खरं?

फुटपाथमध्ये बसवलेल्या पितळी चौकोनाच्या फोटोसह एक मेसेज फिरतोय: "जर्मन सरकारनेच ज्यूंची नावं रस्त्यात बसवली, लोकांनी रोज तुडवावीत म्हणून. म्युनिकला तेवढी लाज वाटली, त्यांनी बंदी घातली."

"सरकारने बसवली." नाही. हे दगड, म्हणजे स्टोल्परश्टाइन, नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी आहेत, आणि ती गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराची कल्पना. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात त्यांनी ते चक्क परवानगीशिवाय बसवले होते. खर्च शेजारी, शाळकरी मुलं, नातेवाईक उचलतात.

"ज्यूंची." बहुतेक ज्यूंचीच, पण डिसेंबर १९९२ मध्ये कोलोनच्या टाउन हॉलसमोर बसलेल्या पहिल्या दगडावर सिंती आणि रोमा (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटलं जायचं) लोकांना छावणीत पाठवण्याच्या नाझी नेता हिमलरच्या हुकमातला मजकूर आहे. अपंग, समलिंगी, राजकीय विरोधक यांचेही दगड आहेत.

"तुडवावीत म्हणून." हे आपल्याला लगेच पटतं, कारण चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. दगड असतो जेमतेम दहा सेंटिमीटरचा, त्या माणसाने स्वतः निवडलेल्या शेवटच्या घरासमोर. "इथे राहत होते", मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. वाचायला वाकावं लागतं, आणि डेमनिगना तेच हवं आहे. नोव्हेंबर आणि जानेवारीतल्या स्मरणदिनांना लोक फडकी घेऊन पितळ घासायला येतात. ज्यांना खरोखर अपमान करायचा असतो ते दगड उखडून नेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्साइट्स गावातले सगळे चोरीला गेले.

तरी पायाखालचा आक्षेप खोटा नाही. नामदेवांनी पायरीची जागा स्वतः मागून घेतली असं आपण मानतो. इथे मेलेल्यांना कुणी विचारलेलं नाही. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख लहानपणी एका शेतावर लपून नाझींपासून वाचल्या. ही नावं पुन्हा तुडवली जाऊ नयेत, असं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. उलट अनेक ज्यू कुटुंबं आपल्या माणसासाठी दगड मागून घेतात. माझा कल या कुटुंबांकडे आहे, पण क्नोब्लोखबाईंना खोडून काढायचा अधिकार मला वाटत नाही.

"म्युनिकची लाज." २००४ ची ती बंदी, २०१५ मध्ये कायम ठेवलेली, याच आक्षेपातून आली. २०१८ पासून तिथे भिंतीवर फलक किंवा खांब लावून नावं दिली जातात. शिवाय बंदी सार्वजनिक जागेपुरती आहे. खासगी आवारांत म्युनिकमध्येही हे दगड आहेत.