डब्ल्यूडी-४० आणि पक्कड: जाम रोटरी स्विचवरचा चुकीचा इलाज

‘जुन्या स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) रोटरी स्विच जाम झालाय? आत डब्ल्यूडी-४० हा तेलकट फवारा मारा, पक्कडीने नॉब चार वेळा फिरवा, काँटॅक्ट काळे असतील तर पॉलिश पेपर घासा.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. यातली एकही पायरी करू नका.

‘आत फवारा मारा.’ स्विच जड होतो तो बहुतेकदा काँटॅक्टमुळे नाहीच. वर्षानुवर्षांत ग्रीसमधलं तेल निघून जातं आणि शाफ्ट (नॉबचा दांडा) आणि बुश (त्याभोवतीची नळी) यांच्या फटीत, नॉब फिरवताना खटका देणाऱ्या गोळीखाली घट्ट चिकटा उरतो. फवारा मात्र पडतो मागच्या वेफरवर, म्हणजे काँटॅक्ट बसवलेल्या चकतीवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

‘तेलाने काय बिघडतं?’ पातळ भाग उडून जातो, तेलाचा पापुद्रा राहतो, त्यावर धूळ बसते. तपकिरी फिनॉलिक वेफर कडांमधून तेल पितात. त्यात दमट हवा मिळाली की विजेची गळती सुरू. १ मेगओम रोधाला समांतर १०० मेगओमची गळती झाली, तरी रोध १ टक्क्याने घसरतो. अटेन्युएटरची, म्हणजे इनपुटचा सिग्नल ठरावीक पटीने कमी करणाऱ्या भागाची, सगळी अचूकता या रोधांच्या गुणोत्तरावरच उभी असते.

‘जोर लावला की सुटतो.’ सुटतो, पण काय सुटतं ते बघा: नॉबमधला पितळी बुश, शाफ्टची कपलिंग, नाहीतर वेफर.

योग्य पद्धत अशी. प्लग काढा आणि हाय व्होल्टेज कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा. नॉब कुठल्या खुणेवर आहे त्याचा फोटो घ्या. टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या स्कोपच्या नॉबचे स्क्रू बहुधा १/१६ इंची असतात, त्यात १.५ मिमीची अॅलन की ढिली बसते आणि खाच गोल करते. इंची कीच वापरा. एकात एक शाफ्ट असतील तर आतल्या शाफ्टचा नॉब आधी काढा. बुशच्या मागे टिश्यूची घडी कोंबा, म्हणजे ओघळ वेफरपर्यंत जाणार नाही. इन्सुलिन सिरिंजने शाफ्ट-बुशच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, मग बोटांनी थोडं-थोडं मागे-पुढे हलवा. पिवळट चिकटा बाहेर येईल. तो पुसा आणि हेच पुन्हा करा. अगदीच अडलं तर अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर, आधी नाही, हेअर ड्रायरने बुश कोमट करा. अॅसिटोन अजिबात नको, प्लास्टिक आणि पॅनेलवरचा रंग दोन्ही जातील. मोकळं झाल्यावर बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खटक्याच्या गोळीला लिथियम ग्रीसचा पुसटसा हात.

‘काळे काँटॅक्ट घासा.’ हा सगळ्यात घातक भाग. चांदीवरचा काळा थर स्विच फिरवताना बऱ्याचदा आपोआप घासला जातो; मुलामा एकदा गेला की परत येत नाही. टेक्ट्रॉनिक्स ४६५ या स्कोपमध्ये कॅम स्विच (फिरत्या कॅमच्या उंचवट्यांनी पत्त्या हलवणारे) आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या नाजूक पत्त्यांचे. तिथे इअरबडसुद्धा नको, कापसाचा धागा अडकून पत्ती वाकते. साध्या कागदाची अरुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, पत्तीखाली सरकवा, कॅम फिरवून काँटॅक्ट तिच्यावर टेकू द्या आणि पट्टी हळूच ओढा. डाग येईनासा होईपर्यंत नवी पट्टी घ्या.

रात्रभर वाळल्याशिवाय वीज लावू नका. मग ४६५ च्याच कॅलिब्रेटरचे, म्हणजे त्याच्याच चाचणी-सिग्नलचे, ३०० मिलिव्होल्ट थेट इनपुटला द्या: दर घराला ५० मिलिव्होल्टच्या रेंजवर लहर पडद्यावरची ६ घरं उंच दिसायला हवी, १०० वर ३. नॉब हलवल्यावर उंची बदलत असेल, तर त्या रेंजचा काँटॅक्ट अजून साफ झालेला नाही.